ग्रीक मुळांच्या झडत्या

गेंड्यापासून माणसाला रोग होतो ही बातमी बोरगावात कशी पसरली, ते आधी सांगून टाकते. म्हणजे सौंसरच्या शाळेत इंग्रजीच्या नावाखाली मी इतकी वर्षं काय उद्योग केले, ते वेगळं समजावत बसायला नको.

बारावीतली करुणा कधी शाळा बुडवत नसे. ती आठवडाभर दिसली नाही, तेव्हा एका संध्याकाळी घरी जायची पांढुर्ण्याची बस सोडून मी बोरगावला तिच्याकडे गेले. दारात चपलांचा ढीग. आत मुलताईचे पाहुणे, बुद्धविहारातली चार जाणती मंडळी, बाया डोळ्यांना पदर लावून बसलेल्या. मधोमध खाटेवर करुणाचे वडील सुदामराव, हनुवटीपर्यंत घोंगडी ओढून पडलेले. संत्र्याच्या बगीच्यात काम करणारा हा दणकट गडी, आणि चेहरा असा की उद्याचा दिवस दिसतो की नाही.

"काय झालं यांना?" मी घाबरून विचारलं.

करुणाची आई हुंदका गिळून म्हणाली, "बाई, ह्यायले गेंड्याचा रोग झाला जी."

मला वाटलं मी चुकीच्या घरात शिरले. मग उशाशी ठेवलेली डॉक्टरांची चिठ्ठी पुढे आली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ॲलर्जिक रायनायटिस. सुदामरावांच्या पुतण्यानं तो शब्द मोबाईलवर टाकायला घेतला, अर्धाच टाकला आणि मोबाईलनं उरलेलं आपल्या मनानं पूर्ण करून भलामोठा गेंडा दाखवला. झालं! गावभर एकच चर्चा. ह्यानं गेंडा पाहिला कुठी? नागपूरले गेला होता तवा काही चावलं का? शेजारचे एक म्हातारबा तर रोज सकाळी येऊन सुदामरावांच्या कपाळावर बोट फिरवून पाहात, शिंग निघून राहिलं का म्हणून.

मी खाली बसले आणि हसत सुटले. थांबताच येईना. करुणाची आई भडकली. "अव बाई, इथं माणूस चाललं माह्यं, अन् तुम्ही दात काढून राहिल्या!"

"चालले नाहीत हो," मी डोळे पुसत म्हटलं. "रायनो म्हणजे नाक. ग्रीक लोक नाकाला तसं म्हणत. गेंड्याच्या नाकावर शिंग असतं म्हणून त्याचं नाव रायनोसेरॉस, नाकशिंग्या. आणि शब्दाच्या शेवटी आयटिस आलं की समजायचं, सूज. रायनायटिस म्हणजे नाक आतून सुजलं. बगीच्यातली धूळ नाकात गेली, शिंका आल्या, पाणी गळलं. सर्दी आहे, सर्दी!"

घोंगडीतून आवाज आला, "मंग मी उठू का जी?"

मुलताईचे पाहुणे जरा नाराजच झाले. पार कामंधामं सोडून आले होते बिचारे. पण चहा झाला आणि सगळे हसायला लागले. सुदामराव तर सर्वांत मोठ्यानं हसले आणि त्या हसण्यातच त्यांना सटासट शिंका आल्या.

करुणा मला बसपर्यंत पोचवायला आली. वाटेत म्हणाली, "मॅडम, तो शब्द तुम्हाले आधीपासून माहीत होता?"

"नाही गं. आजच पाहिला."

"मंग कसा सांगितला?"

"त्याचे आईबाप ओळखीचे निघाले," मी म्हटलं.

बस आली तेव्हा ती एकदम म्हणाली, "मॅडम, मले नर्स व्हायचं हाये. कोणाच्या घरी असं उगीच रडणं नाही पडलं पाहिजे." तेव्हापासून तिचं हे वेड माझंही वेड होऊन बसलं.

आता माझा धंदा थोडा सांगते. इंग्रजीतले जडजड शब्द, खास करून दवाखान्यातले आणि विज्ञानातले, हे इंग्रजांनी घरी पिकवलेले नाहीत. ते ग्रीक आणि लॅटिन मुळांवर वाढलेले आहेत. आमच्याकडे हे समजवायला मला कधी फळ्यावर चित्र काढावं लागलं नाही. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करतात हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. वर संत्रं दिसतं, पण जमिनीतलं पाणी ओढते ती जंबेरी. तसंच हे. शब्द दिसला की आधी त्याची शेपटी पाहायची, मग डोकं पाहायचं, मग पोट. शंभर-दोनशे मुळं पाठ झाली की हजारो शब्द फुकटात पदरात पडतात. मराठी माध्यमातून आलेल्या, हिंदी राज्यात राहून घरात मराठी, बाजारात हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी अशा तीन होड्यांत पाय ठेवून उभ्या असलेल्या आमच्या पोरांना ह्याच्यासारखी सोय नाही.

फक्त पाठ होणार कशी? वर्गाला मुळं विचारली की सगळे खिडकीबाहेर पाहात. एकदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी अशीच डोकं धरून बसले होते आणि मागच्या बाकांवरची पोरं आदल्या दिवशीच्या झडत्या एकमेकांना ऐकवत होती. आमच्याकडे पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की एक गडी पुढे होतो आणि खणखणीत आवाजात दोन ओळी फेकतो. कधी देवाच्या, पण बहुतेक वेळा शेजाऱ्याला चिमटा काढणाऱ्या. ही झडती. तिच्यावर सगळा जमाव महादेवाचा गजर करतो. जमावाचा गजर झाल्याशिवाय म्हणणारा पुढची ओळ उचलत नाही, हा त्यातला रिवाज. मला राग आला. ह्या गाढवांना चाळीस-पन्नास झडत्या तोंडपाठ, आणि माझी दहा मुळं नाहीत?

मग माझं मलाच हसू फुटलं. मी टेबलावर डस्टर आपटलं आणि ओरडले,

"कार्डिओ म्हणजे काळीज बाई, टॅकी म्हणजे घाई,
मॅडम वर्गात आली का काळीज धडधड करते बाई!"

मग जो काही गजर झाला, बाजूच्या वर्गातले मास्तर खडू हातात घेऊन धावत आले. पण टॅकीकार्डिया म्हणजे काळजाची धडधड वाढणं, हे त्या वर्गातलं एकही पोर जन्मात विसरणार नाही, ह्याची मी हमी देते.

गजरात करुणा गप्प होती. तास संपल्यावर म्हणाली, "मॅडम, झडती लय मस्त हाये. पण आमच्या घरी महादेवाचा गजर नाही करत."

"बरोबर आहे तुझं," मी म्हटलं. "इंग्रजीच्या तासाला त्यांना तरी कशाला कामाला लावायचं? तूच सांग, काय म्हणायचं?"

तिनं दुसऱ्या दिवशी आणलं: "खणा रे खणा, मूळ खणा!" शेवटच्या 'खणा'वर बाकावर एक मूठ. वर्गाला इतकं आवडलं की विचारू नका. आणि झडती म्हणणं म्हणजे पुरुषांचं काम, तोरणाखाली पोरींना कोण उभं करतो? इथं मात्र पोरीच पुढे. एरवी हजेरीलाही पुटपुटणारी करुणा झडतीला उभी राहिली की खिडक्यांची तावदानं थरथरत. तिची ही एक:

"हायड्रो म्हणजे पाणी बाई, फोबिया म्हणजे भेव,
पाणी पाहून जो पळते, त्याले दवाखान्यात ठेव!"

प्राचार्य हिंदीवाले, शिस्तीचे. दारात येऊन म्हणाले, "मैडम, ये क्लास है या मेला?" मी म्हटलं, "सर, आप कोई भी शब्द पूछ लीजिए." त्यांनी मुद्दाम एक लांबलचक शब्द विचारला. वर्गानं त्याचे तीन तुकडे करून त्यांच्या हातात दिले. ते गेले, पण त्या दिवसापासून आमच्या तासाला बाजूच्या वर्गाची खिडकी लावून घ्यायची असा हुकूम निघाला.

सगळं गोड गोड होतं असं समजू नका. मुळं कधीकधी फसवतातही. बाजारातल्या कापडवाल्याचा नीलेश माझा पट्टशिष्य. पेड म्हणजे पाय, हे त्याला पक्कं. सायकलचं पेडल, पायी चालणारा पेडेस्ट्रियन. त्याच्या आजोबांची टाच दुखायची. हा गडी त्यांना घेऊन नागपूरला गेला आणि पाटीवर पेडियाट्रिशियन वाचून छाती पुढे काढून आत शिरला. पायाचा डॉक्टर! आजोबा तासभर तान्ह्या लेकरांच्या रांगेत बसले. एका बाईनं त्यांच्या मांडीवर खुळखुळा पण ठेवला. डॉक्टर भला माणूस, त्यानं आजोबांना गोळी लिहून दिली आणि वर लॉलीपॉपही दिलं. लॅटिनमधला पेड पायाचा आणि ग्रीकमधला पेड लेकराचा. तोंडावळा सारखा, पण घराणी वेगळी. आजोबांनी माझ्या नावानं सौंसरच्या बाजारात काय काय आशीर्वाद दिले, ते छापण्याजोगे नाहीत. पण लॉलीपॉप त्यांनी खाल्लं, हे नीलेशनं मला खासगीत सांगितलं.

मी नोकरीतून मोकळी झाले त्याच उन्हाळ्यात करुणा बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्याची नर्सिंगची शाळा आहे. तिथं आधी लेखी परीक्षा, मग तोंडी. लेखीत ती वरच्या नंबरात आली. तोंडीत मात्र एकही शब्द न बोलता परत आली. शब्द विचारले, ही नुसती जमिनीकडे पाहात राहिली.

सुदामराव तिला माझ्याकडे पांढुर्ण्याला घेऊन आले. "बाई, आणखी एक डाव पाठवतो हिले. मंग नाही. मंग बगीच्यात पेट्या भरायले येईल माह्यासंगं. माह्यानं दरसाली नागपूरच्या चकरा नाही होत." पोरीला पेट्या भरायला लावायचं त्यांच्याच जिवावर येत होतं, हे कोणालाही दिसलं असतं.

"तुला येत नव्हते का गं शब्द?" मी विचारलं.

"येत होते मॅडम. झडती मनात येऊन राहिली होती. पण तिथं मोठ्यानं कसं म्हणू? अन् हळू म्हटलं तं आठवतच नाही."

माझं टाळकं सटकलं. "मग म्हण ना मोठ्यानं! तिथं काय फाशी देतात? खुशाल ओरड! शब्दाचा अर्थ आला म्हणजे झालं!"

"खरंच ओरडू?"

"माझ्या नावानं ओरड."

हा सल्ला देताना मला वाटलं, काय हुशार बाई आहे मी.

पुढच्या वर्षी लेखी पुन्हा पार पडल्यावर आम्ही तिघं तोंडीसाठी सौंसरहून नागपूरच्या बसला बसलो. सुदामराव कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, करुणा खिडकीशी ओठ हलवत. दवाखान्यात पोचलो तर तोंडीची खोली ओपीडीच्या व्हरांड्यातच. एका बाजूला पेशंटची रांग, दुसऱ्या बाजूला आम्ही बाकावर. करुणाचं नाव पुकारलं. ती आत गेली. दार अर्धवट लागलं.

आधी काहीतरी विचारल्याचा आवाज आला. शब्द होता नेफ्रायटिस. सुदामरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी देवाचं नाव घेऊ की ग्रीकांचं घेऊ, कळेना. तेवढ्यात व्हरांडा हादरला,

"नेफ्रो म्हणजे किडनी बाई, आयटिस म्हणजे सूज,
शेपटीवरून दुखणं ओळख, डोक्यावरून जागा बूझ!"

रांगेतलं एक लेकरू दचकून रडायला लागलं. मी आनंदानं सुदामरावांचा हातच धरला. आता पुढे अर्थ सांगेल, किडनीला सूज, की झालं! पण आतून काहीच येईना. कोणीतरी विचारलं, "हं, मग? मीनिंग?" तरी काही नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पोरगी थांबली होती. गजरासाठी! झडती फेकली, आता जमाव ओरडल्याशिवाय पुढची ओळ उचलायची नाही. तिला सवयच तशी. ओरडायला सांगणाऱ्या शहाण्या बाईनं एवढा विचारच केला नव्हता. आत बसलेल्या मेट्रन बाई, म्हणजे नर्सांच्या मुख्य, आणि डॉक्टर मंडळी थोडीच बाकावर मुठी आपटणार?

"काय झालं जी?" सुदामराव कुजबुजले. "काहून थांबली?"

"ती आपली वाट पाहते आहे," मी म्हटलं.

साठी ओलांडलेली बाई मी. कलफ केलेली साडी, चष्मा, हातात पर्स. समोर पन्नासेक अनोळखी माणसं. एकदा वाटलं, जाऊ दे. मग आठवलं की आता हिला पुढचा डाव नाही. उभी राहिले, पोटातून आवाज काढला आणि ओरडले, "खणा रे खणा, मूळ खणा!"

सुदामरावांनीही मागून तोरणाखालचा आवाज लावला. "खणाऽ!" आणि बाकावर अशी मूठ मारली की बाक एका बाजूनं उचललं गेलं.

आतून ताबडतोब, घडाघड: "नेफ्रायटिस म्हणजे किडनीची सूज!"

इकडून गार्ड धावत आला, तिकडून दार उघडून मेट्रन बाई. पांढरंशुभ्र पातळ आणि कपाळावर आठ्यांचं जाळं. "कोण ओरडलं?"

"मी," मी म्हटलं.

"बाहेरून उत्तरं सांगून राहिल्या का तुम्ही? वयाचा तरी विचार करा!"

आता मात्र माझाही पारा चढला. "एक शब्द उत्तराचा सांगितला असेल तर मला ह्याच दवाखान्यात भरती करा! मी फक्त गजर केला. गजर झाल्याशिवाय झडती पुढे जात नाही. पोळा पाहिला नाही का कधी?"

मेट्रन बाईंनी माझ्याकडे, सुदामरावांकडे, मग आत उभ्या असलेल्या करुणाकडे पाहिलं. करुणाचे डोळे भरून आले होते. बाईंचं तोंड किंचित हललं, पण हसू त्यांनी दाबलं. "आत या. खुर्चीवर बसा. गजर करायचा तर हळू आवाजात. आणि ओठ दुसऱ्या कशासाठी हलले तर दोघींना बाहेर काढीन."

अशी माझीही तोंडी परीक्षा सुरू झाली. मेट्रन बाई शब्द विचारत, करुणा हळू आवाजात झडती म्हणे, मी कुजबुजत मूळ खणी, आणि गजर मिळाला की हळू म्हटलेलंही आठवून उत्तर हजर. टॅकीकार्डिया. हायड्रोफोबिया. गॅस्ट्रायटिस. कोपऱ्यात एक पिकल्या केसांचे डॉक्टर बसले होते. चौथ्या शब्दाला त्यांचीही मूठ टेबलावर हळूच वाजली. माझ्या छातीत काय होत होतं ते सांगायला माझ्याकडे ग्रीकमध्येही शब्द नाही. इतकी खूश मी निरोप समारंभातही नव्हते.

मग मेट्रन बाईंनी चष्मा काढला. "आता पाठ केलेला नको. डिस्फेजिया."

हा शब्द आम्ही कधी केला नव्हता. झडती नव्हती, मग गजर कशावर करू? मी पर्स घट्ट धरली. करुणानं जमिनीकडे पाहिलं. मला वाटलं, गेलं.

"डिस म्हणजे बिघडलेलं," ती हळूहळू बोलायला लागली. "डिसेंट्रीत असते. फेज म्हणजे खाणं. बायोलॉजीत बॅक्टेरियोफेज होता, बॅक्टेरिया खाणारा. म्हणजे खाणं बिघडलं... नाही. खाता येत नाही. गिळता येत नाही."

मी सवयीनं गजरासाठी तोंड उघडलं. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. तिचं बोलणं पुढे गेलं होतं.

"आणि पेशंट म्हातारी असली," मेट्रन बाईंनी विचारलं, "तर तिला काय सांगशील? डिस्फेजिया आहे म्हणून?"

"नाही मॅडम." करुणा दोन पावलं पुढे गेली, जणू खाट समोरच होती. आवाज इतका मऊ, की मी तो वर्गात कधी ऐकलाच नव्हता. "आजी, घास खाली उतरून नाही राहिला ना? घाबरू नको. मी हळूहळू देतो. तू थांब म्हणली का थांबतो."

मेट्रन बाईंनी चष्मा परत लावला आणि बाजूच्या क्लार्कला म्हणाल्या, "हिचे कागद घ्या. हिला घेतलं." मग माझ्याकडे वळून, "आणि मॅडम, तुम्ही आता बाहेर बसा. हिला तुमची गरज नाही."

आयुष्यात मला असं कोणी हाकललं नव्हतं, आणि हाकललेलं इतकं आवडलंही नव्हतं. व्हरांड्यात आले तर डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू, दोन्ही एकदमच. सुदामराव घाबरून उठले. "काय झालं जी बाई? काढून देल्लं का?"

"हो," मी म्हटलं. "मले काढलं. तुमच्या पोरीले ठेवलं."